केशराला थंडी बाधत नाही, थंडी लागते!

श्रावण उजाडला, खरिपाची खुरपणी उरकली, माणसाला पारावर टेकायला जरा सवड मिळाली, की गावात दोन प्रकारचे पाहुणे हमखास येतात. एक गुरांचा व्यापारी आणि दुसरा नव्या पिकाची माहिती सांगणारा. पहिल्याला आपण पुरते ओळखून असतो. त्याच्या बैलाचे दात बघितल्याशिवाय आपण खिशात हात घालत नाही. दुसरा मात्र स्वच्छ कपड्यात येतो, रंगीत कागद वाटतो, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि चहा पिऊन होईपर्यंत दहा-वीस हजारांची आगाऊ नोंदणी करून निघून जातो. त्याच्या मालाचे दात कुणी बघत नाही!

वाचकहो, ही गोष्ट नवी नाही. सागवानात पैसे दामदुप्पट होणार होते. मग सफेद मुसळी आली, जट्रोफा आला, इमू आला. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीनं काय केलं, ते आपण शेजारी बसून पाहिलं. प्रत्येक वेळी माल वेगळा, पण बोली एकच : "बियाणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ." आता त्या रांगेत केशराचा कंद येऊन बसला आहे. "कंद थंडीत टिकतो, आपल्याकडं थंडी पडते, मग केशर का येणार नाही?" असा सवाल केला जातो. सवाल ऐकायला बिनतोड वाटतो. म्हणूनच आज या कंदाचं आणि थंडीचं नातं जरा उलगडून बघू.

कंद कसा जगतो

केशराचा कंद हा कांद्यासारखा पदरापदराचा नसतो. अळकुडीसारखा किंवा सुरणासारखा तो आतून भरीव असतो. ग्लॅडिओलसचा कंदही याच जातीचा. केशराला फूल येतं, पण बी धरत नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे ते वांझ आहे. म्हणजे जगात जिथं कुठं केशर आहे, तिथं ते कंदापासून कंद असंच वाढत आलेलं आहे. बी पेरून केशर करू म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला तिथूनच रामराम करावा.

आता या कंदाचं वर्ष बघा. काश्मीरमध्ये पुलवामा जिल्ह्यातल्या पांपोरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंचीवर, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला कंद लावतात. आपल्याकडे कोजागरीचं दूध आटतं त्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, जांभळी फुलं येतात. फुलाच्या पोटात तीन तांबड्या काड्या, तेच केशर. फुलांच्या जोडीनं किंवा मागोमाग गवतासारखी पानं येतात. फुलं चार दिवसांत संपतात, पण पानं राहतात. ती थेट एप्रिलपर्यंत हिरवी असतात. डिसेंबरच्या २१ तारखेपासून तिथं चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी सुरू होते, तिला 'चिल्ला-ए-कलान' म्हणतात. २०२४ च्या डिसेंबरात श्रीनगरचा पारा उणे साडेआठ अंशांपर्यंत उतरला होता. तळ्याचं पाणी गोठतं, नळ फुटतात, पण केशराचा कंद जमिनीत शाबूत असतो.

तो का मरत नाही? एक तर तो चांगला वीतभर खोल असतो आणि वरून बर्फाची गोधडी असते. बर्फ थंड असला तरी वरची बोचरी हवा खाली जाऊ देत नाही. दुसरं म्हणजे थंडी पडू लागली, की असे कंद आपल्यातल्या पिठाची काही साखर करतात. साखरेचं पाणी साध्या पाण्याइतकं लवकर गोठत नाही, हे कुल्फीवाल्याला विचारा. तिसरं कारण तिथली जमीन. ती पाणी धरून ठेवत नाही. थंडीपेक्षा साचलेलं पाणी कंदाला लवकर मारतं. ओल्या जमिनीत बुरशी लागते आणि कंद आतून कुजतो. हा कंदकुजीचा रोग खुद्द काश्मीरच्या शेतकऱ्यालाही छळतो.

ग्लॅडिओलसचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याचं मूळ घर दक्षिण आफ्रिका. युरोपातल्या थंड मुलखात बागवाले हिवाळ्याआधी त्याचे कंद खणून घरात ठेवतात, नाहीतर जमीन गोठली की कंद खलास. दोन्ही कंद दिसायला भावंडं, पण एकाला बर्फ चालतो, दुसऱ्याला चालत नाही. तेव्हा "कंद आहे, टिकेल" हे बोलणंच मुळात पोकळ आहे. कोणता कंद, कुठला आणि कशात टिकेल, ते विचारलं पाहिजे.

आपली थंडी आणि त्यांची थंडी

आता मुद्द्यावर येतो. विक्रेता सांगतो, "केशर उणे दहातसुद्धा टिकतं, मग तुमच्याकडच्या आठ-दहा अंशांत त्याला काय धाड भरली आहे?" बोलणं खरं आहे. आपल्या थंडीनं केशराचा कंद मरणार नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडं दव गोठून हिमकण होतात, तिथंही मरणार नाही. निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली जातो, द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. तिथंही केशराचा कंद मजेत राहील.

पण मंडळी, प्रश्न थंडीनं मरण्याचा नाहीच. प्रश्न थंडी पुरण्याचा आहे. केशराला थंडी बाधत नाही, थंडी लागते!

कारण असं की, केशरात दरवर्षी आई मरते आणि लेकी उभ्या राहतात. लावलेला कंद फूल देतो, पानं देतो आणि आटून जातो. त्याच्या अंगावर नवे छोटे कंद धरतात. ते भरायचे तर पानांनी चार-पाच महिने गारव्यात आणि उन्हात बसून अन्न तयार करावं लागतं. काश्मीरमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ त्यांना मिळतो. आपल्याकडे काय होतं? डिसेंबर-जानेवारी बरे जातात. महाशिवरात्र आली, की दुपारचं ऊन चटके देऊ लागतं आणि होळीपर्यंत रान तापतं. पानं पिवळी पडतात. भर उमेदीत ताटावरून उठवलेल्या पोरासारखे ते नवे कंद अर्धपोटी राहतात.

अर्धपोटी कंदाचं पुढं काय होतं? साधारण आठ-दहा ग्रॅमच्या खालचा कंद सहसा फुलत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी दहा ग्रॅमचा कंद लावला, फूल आलं. पुढच्या वर्षी हातात चार-पाच ग्रॅमच्या लेकी आल्या, फूल नाही. तिसऱ्या वर्षी त्याहून बारीक. हा घसरणीचा जिना आहे.

त्यावर पुन्हा आपला पावसाळा. कंद उन्हाळ्यात झोपलेला असतो आणि त्याच झोपेत, चांगल्या उबेत, त्याच्या पोटात पुढच्या फुलाची कळी धरते. त्या वेळी त्याला कोरडं लागतं. आपल्याकडे त्याच महिन्यांत जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. महाबळेश्वरला थंडी आहे म्हणावं, तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! थंडी जिथं थोडी आहे तिथं पाणी बुडवतं, आणि माण-खटावसारख्या कोरड्या भागात उन्हाळा लवकर येतो. कंद काढून घरात ठेवावे म्हटलं, तर त्यालाही हवा, तापमान, ओल सगळं मोजूनमापून पाहिजे.

पहिलं फूल हा पुरावा नव्हे

आता सगळ्यात मोठी मेख सांगतो. ही ध्यानात ठेवलीत, तर बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

केशराचं फूल हे चालू वर्षाच्या जमिनीचं नसतं. ते मागल्या वर्षाच्या जमिनीचं असतं. कंदाच्या पोटात कळी आधीच धरलेली असते आणि फुलायला लागणारी शिदोरीही त्यातच असते. म्हणून तर तो कंद नुसत्या ट्रेमध्ये, मातीशिवाय, पाण्याच्या थेंबाशिवाय ठेवला आणि हवा पंधरा-सतरा अंशांवर आली, तरी फुलतो. तेव्हा पांपोरहून आणलेला कंद तुमच्या रानात, गच्चीवर, फळीवर, कुठंही पहिल्या वर्षी फुलला, तर ते श्रेय पांपोरच्या मातीचं. तुमच्या रानानं काहीच सिद्ध केलं नाही. माहेरहून आलेली लेक चार दिवस माहेरच्या लाडवावरच राहते, सासरचा पाहुणचार कळायला वर्ष जावं लागतं!

नेमका याच पहिल्या फुलाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, त्याचाच व्हिडिओ फिरतो. 'दुष्काळी पट्ट्यात फुललं केशर' असा मथळा होतो. आम्ही पत्रकारही यात दोषी आहोत, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या वर्षी फोटो काढायला आम्ही धावतो, तिसऱ्या वर्षी त्या वाफ्यात काय उरलं ते बघायला कुणी जात नाही. त्या फोटोचं कात्रण दाखवून विक्रेता शेजारच्या तालुक्यात नोंदणी करतो.

बटाट्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. आंबेगावच्या सातगाव पठारावरचा शेतकरी दरवर्षी मंचरच्या बाजारातून पंजाबचं बियाणं का आणतो? घरचं बियाणं फुकट असताना पैसे का मोजतो? कारण त्याला अनुभवानं कळलं आहे, की आपल्या हवेत बियाणं उतरत जातं. पण बटाटा एका हंगामात बियाण्याचा खर्च काढून वर चार पैसे देतो. केशराचा कंद दरवर्षी काश्मीरहून आणायचा झाला, तर हिशेब बसतो का? मांडून बघू.

हिशेब पाटीवर मांडा

एक किलो वाळलेल्या केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात. चांगल्या कंदाला एक ते तीन फुलं येतात. सरासरी दोन धरली, तरी पाऊण लाख कंद झाले. दहा ग्रॅमच्या हिशेबानं वजन साडेसातशे किलो. आता तुमच्या विक्रेत्याचा भाव यात घाला. समजा त्यानं एका कंदाला नुसते वीस रुपये सांगितले, तरी पंधरा लाख रुपये होतात, तेही एका किलो केशरासाठी! फुलं खुडायची मजुरी वेगळी. दीड लाख फुलं पहाटे हातानं खुडायची आणि प्रत्येकातून तीन काड्या बोटांनी वेगळ्या करायच्या. हे काम घरच्या बायाबापड्यांच्याच गळ्यात पडणार, हेही आताच बोलून ठेवतो. काश्मीरमध्ये कंद वर्षानुवर्षं त्याच जमिनीत वाढतो, म्हणून त्यांचा धंदा चालतो. तिथंसुद्धा हेक्टरी उत्पन्न दोन ते पाच किलोंच्या आतबाहेरच असतं.

आणि त्या काश्मीरचीही स्थिती काही सोन्याची नाही. १९९० च्या दशकाच्या मध्याला तिथं सुमारे ५,७०० हेक्टरांवर केशर होतं, ते २०१० च्या सुमारास ३,७०० हेक्टरांवर आलं. सरकारनं २०१० मध्ये राष्ट्रीय केशर अभियान काढलं, सुमारे चारशे कोटी रुपयांचं. २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही घरांची अतिक्रमणं, सिमेंट कारखान्यांची धूळ, शरदातला हुकलेला पाऊस आणि कंद खाणारी साळिंदरं यांनी शेतकरी बेजार आहे. पिढ्यान् पिढ्या केशर करणारा माणूस जिथं घाम पुसतो, तिथं आपण पहिल्याच वर्षी लखपती होणार, हे पटतं का?

"मग पुण्यातली शिकलेली पोरं बंद खोलीत केशर घेतात ते?" असा सवाल कुणी करील. घेतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती शेती नव्हे, तो कारखाना आहे. वातानुकूल यंत्र, ओल मोजायचं यंत्र, दिवे, अखंड वीज. फुलं घेतल्यावर पुन्हा त्या कंदांना चार-पाच महिने कृत्रिम हिवाळा द्यायचा, तेव्हा लेकी भरणार. ज्याच्याकडं भांडवल आहे, बाजार आहे आणि नुकसान सोसायची ताकद आहे, त्यानं जरूर करावं. ज्या गावात रात्री आठ तास शेतीची वीज येते आणि त्यातली दोन तास जाते, तिथल्या माणसानं सोसायटीचं कर्ज काढून हे करू नये, एवढंच माझं म्हणणं.

करडईला केशर म्हणू नका

दुसरा एक प्रकार तर याहून बिनदिक्कत चालतो. 'अमेरिकन केशर' नावाचं बियाणं हजारो रुपये किलोनं विकलं गेलं. शेतकऱ्यानं पेरलं, वाढलं, तांबूस-केशरी फुलं आली. आणि म्हातारी आजी बांधावर येऊन म्हणाली, "आरं, ही तर करडई!" आजी बरोबर होती. करडई हे आपलं शेकडो वर्षांचं कोरडवाहू पीक, ते अमेरिकेचं लेबल लावून आपल्यालाच विकलं. मघाशी सांगितलं, केशराला बी नसतं. एवढं एक वाक्य माहीत असतं, तर कित्येकांचे पैसे वाचले असते.

यातली गंमत अशी, की करडईत कमीपणा काहीच नाही. आपल्या जिल्ह्यातच फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याच्या करडईचे वाण काढले, त्यांच्या पाकळ्या हातानं सहज खुडता येतात आणि त्या पाकळ्यांना औषधी चहासाठी मागणी आहे. तेल आहेच. आपल्या थंडीला जुळणारं, आपल्या ओलीवर येणारं पीक दारात उभं असताना आपण मात्र त्याला परक्या नावानं, शंभरपट भावानं विकत घेतो. याला काय म्हणावं?

फुलांचीच हौस असेल, तर ग्लॅडिओलस आहे, निशिगंध आहे. ग्लॅडिओलसला आपली थंडी मानवते. त्याच्या कंदाची झोप मोडायला मात्र शीतगृहात चार-पाच अंशांवर सुमारे तीन महिने ठेवावं लागतं. तालुक्याला कंदांसाठी शीतगृहाची एक खोली मिळाली, तर लग्नसराई साधून फुलं काढता येतील. आमदार-खासदारांकडं मागायचं तर हे मागा.

सरकारनं काय करावं, आपण काय करावं

मी नव्या पिकाच्या विरोधात नाही. स्ट्रॉबेरी बाहेरूनच आली आणि महाबळेश्वर-पाचगणीनं ती आपली केली. सिक्कीममध्ये यांगयांगला २०२० मध्ये केशर फुललं, हिमाचलात पालमपूरची संस्था लागवड वाढवते आहे. पण तिथं डोंगराची लांबलचक थंडी आहे आणि मागं सरकारी शास्त्रज्ञ उभे आहेत. आपल्याकडं विक्रेता हाच शास्त्रज्ञ, तोच सल्लागार आणि तोच खरेदीदार!

म्हणून कृषी विद्यापीठानं आणि कृषी विज्ञान केंद्रांनी एक काम करावं. महाबळेश्वरला, फलटणला, माणला शंभर-शंभर कंद लावून सलग तीन वर्षं कंदाचं वजन आणि फुलांची संख्या मोजावी आणि आकडे जाहीर करावेत. जमलं तर जमलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. शेतकऱ्याला 'नाही' हे उत्तरही उपयोगाचं असतं, ते मिळेपर्यंतच्या मौनात त्याचे पैसे जातात. दुसरं, १९६६ च्या बियाणे कायद्यात बियाण्याच्या व्याख्येत कंद-गड्डेही येतात, पण दर्जाची सक्ती अधिसूचित वाणांपुरतीच आहे. बाकीचा बाजार मोकळा आहे. निदान कंद विकणाऱ्याची नोंद तालुका कृषी कार्यालयात असावी, ही मागणी अवाजवी नाही.

आणि आपण? विक्रेता आला तर त्याला हाकलू नका, चहा पाजा. पण चार प्रश्न विचारा. कंद किती ग्रॅमचा, ते माझ्यासमोर तोलून दाखव. आपल्या जिल्ह्यात तिसऱ्या वर्षी फुललेला एक तरी वाफा दाखव. पावसाळ्यात कंद कुठं ठेवायचे ते सांग. परत खरेदीचा करार मुद्रांकावर करून दे. चौथ्या प्रश्नापर्यंत तो थांबला, तर गडी खरा. आणि घेतलंच काही, तर पक्की पावती घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये निर्वाळा दिला आहे, की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयाचं दार उघडं आहे. पावती नसेल, तर ते दार उघडं असून उपयोग नाही.

हौस म्हणून दहा कंद कुंडीत लावायचे, तर खुशाल लावा. ऑक्टोबरात जांभळं फूल आलं, तर पोराबाळांना दाखवा, तीन काड्या कोजागरीच्या दुधात टाका. आनंदाला मोल नाही. पण त्या फुलाकडं बघून बांध विकू नका. ते फूल पांपोरच्या बर्फानं दिलेलं आहे, आपल्या रानाचा जबाब अजून यायचा आहे. आणि तो जबाब पहिल्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी येतो.